लाकडाच्या कामाची पारख

सोने घ्यावयाचे झाले म्हणजे आपण ते कसोटीला लावतो. लुगडे घ्यावयाचे झाले म्हणजे घरातील वडीलधारी बाई पदर चिमटीत धरून त्याचा पोत पाहते. आंबा घेतानादेखील देठाशी वास घेतल्यावाचून आपण पैसे मोजीत नाही. परंतु ज्या पलंगावर आपण आयुष्याचा तिसरा हिस्सा काढतो, ज्या मेजावर मुले लिहावयास शिकतात आणि ज्या झोपाळ्यावर घरातील म्हातारी माणसे संध्याकाळ घालवितात, ते सामान घेताना आपण दोनच गोष्टी पाहतो : चकाकी आणि किंमत. ह्या दोहोंपैकी एकीवरूनही काम चांगले की वाईट हे कळत नाही.

आमच्या बडोद्यातील मराठी घरांत लाकडी सामान पुष्कळ असते. पाट, चौरंग आणि देव्हारा आपण दक्षिणेकडून येताना बरोबर आणले. झोपाळ्याची गोडी येथल्या गुजराती शेजाराने वाढविली. १८४९ ते १८५४ ह्या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा शहरात अद्याप उभा आहे. लोक तेथे भिंतींवरील चित्रे पाहावयास जातात, आणि ज्या लाकडाच्या आधाराने तो वाडा उभा राहिला त्याकडे दृष्टी न टाकता परत येतात. चित्राचे कौतुक कसे करावे हे थोडेबहुत सर्वांस ठाऊक असते. खांबाचे कौतुक कसे करावे हे कोणी सांगितलेले नसते.

तेवढ्यासाठी हा पाठ आहे. आम्ही सुतार नव्हे, शाळामास्तर आहोत. रंधा आमच्या हाती दिला तर फळी वाकडीच होईल. परंतु पाहावयास शिकविणे हे मास्तराचेच काम आहे, आणि गेली पुष्कळ वर्षे सुतारांच्या कारखान्यांत बसून, त्यांस प्रश्न विचारून जे आम्ही पाहावयास शिकलो ते येथे क्रमाने मांडीत आहोत.

लाकूड हलते

पहिली गोष्ट ही की, लाकूड कापल्यानंतरही हलत असते. उभ्या झाडात पुष्कळ पाणी असते. झाड तोडल्यावर ते पाणी हळूहळू उडून जाते आणि लाकूड आटते. परंतु ते सर्व बाजूंनी सारखे आटत नाही. फळीच्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. पडतो तो रुंदीत. त्यातही गमतीची गोष्ट अशी की, झाडाच्या वर्षवलयांना धरून होणारा आकस हा गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या आकसाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणूनच ओल्या लाकडाची फळी वाळताना नुसती अरुंद होत नाही, तर वाकते, पन्हळीसारखी होते किंवा टोकाशी चिरते.

पुरते वाळलेले लाकूडही स्वस्थ बसत नाही. हवा दमट झाली की ते थोडे फुगते, कोरडी झाली की थोडे आकसते. श्रावणात खण अडकतो आणि वैशाखात तोच खण सैल होतो, ह्याचे कारण हेच होय. मूर्ख सुतार लाकडाशी भांडतो. त्याला खिळे ठोकून, सरस लावून जखडून टाकतो. मग एके दिवशी उन्हाळ्यात कपाटाच्या दाराची फळी मधोमध तडकते आणि घरमालक लाकडाला दोष देतो. शहाणा सुतार लाकडाला हलावयास जागा ठेवतो. दाराच्या चौकटीला आतून खोबण पाडून तीत फळी नुसती अलगद बसवितो, सरस लावीत नाही. चौकट घट्ट, पण आतली फळी मोकळी. ती फुगो वा आकसो, दार तडकत नाही. जुन्या घरांतील दारे शंभर वर्षे टिकली ती ह्या युक्तीने.

लाकूड वाळविण्याबाबत सुतारांचा एक जुना ठोकताळा आहे : फळीच्या जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. फळ्यांच्या मधून पट्ट्या घालून, वारा खेळता ठेवून, पण उन्हापावसापासून जपून त्या रचून ठेवावयाच्या. आता भट्टीत वाळविलेले लाकूड मिळते, आणि ते नीट वाळविले असेल तर त्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच की वाळविले आहे की नाही. "हे लाकूड कधीचे?" हा प्रश्न गिऱ्हाईक विचारीत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते न वाळविताच वापरले जाते.

सागवानाची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेलकटपणा असतो, ते कमी हलते आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. परंतु हे गुण गाभ्याचे आहेत. त्याच झाडाचे सालीलगतचे पांढरट लाकूड किड्यांना गोड लागते. पॉलिश चढल्यावर दोन्ही एकाच रंगाची दिसतात. म्हणून पॉलिशच्या आधी, नाहीतर निदान सामान उलटे करून, न रंगविलेला भाग पाहावा. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की सागवान नाही म्हणून सामान हलके ठरत नाही. गाडीच्या चाकाला आणि नांगराला बाभळीचा चिवटपणा लागतो. कोकणातील घरांत फणसाचे लाकूड पिढ्यान् पिढ्या वापरले आहे. शिसवाची खुर्ची जड असते पण मोडता मोडत नाही. कोणत्या कामाला कोणते लाकूड हे ओळखणे हा सुताराच्या विद्येचा पहिला धडा आहे.

सांधा हीच सही

दुसरी गोष्ट सांध्याची. अक्षरावरून जसा लिहिणारा ओळखावा, तसा सांध्यावरून सुतार ओळखावा.

खुर्ची घ्या. बसणारा माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा ताण मागचा पाय आणि बैठकीची आडवी पट्टी जेथे मिळतात त्या जागी येतो. खुर्ची मोडते ती बहुधा तेथेच. ह्या जागी खिळा मारणे सोपे आहे. खिळा पाच मिनिटांत बसतो. पण लाकूड हलू लागले की त्याचे भोक सैल होते, लोखंड गंजते आणि खुर्ची कुरकुरू लागते. चांगला सुतार तेथे कुसू आणि खाच करतो. आडव्या पट्टीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी लाकूड काढून मधली जीभ राखावयाची, तिला कुसू म्हणतात. आणि पायात पटाशीने तेवढीच खाच पाडावयाची. साधारण नियम असा की कुसू पट्टीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे असावे. त्याहून जाड केले तर पायाच्या खाचेच्या भिंती पातळ होतात, बारीक केले तर कुसूच मोडते. ते खाचेत शिरताना हाताने ढकलून जाईना, पण हातोडीच्या चार हलक्या ठोक्यांनी जाईल, इतके बरोबर बसले पाहिजे. केसभर सैल असले तर सरसाने ते झाकते, जुळत नाही.

मेजाचा खण हीदेखील चांगली परीक्षा आहे. खण ओढताना जोर सगळा दर्शनी फळीवर येतो. तीच फळी निसटून हातात येण्याचा संभव असतो. म्हणून जाणता सुतार दर्शनी फळी आणि बाजूच्या फळ्या ह्यांचा सांधा दातेरी करतो. हे दाते टोकाकडे रुंद होत गेलेले असतात, पक्ष्याच्या पसरलेल्या शेपटीप्रमाणे. त्यामुळे पुढे कितीही ओढले तरी फळी सुटू शकत नाही. सरस नसला तरीदेखील सुटत नाही. एवढे करून हे दाते खण बंद असताना दिसत नाहीत. ज्याने ते पाडले त्याने ते दाखविण्यासाठी पाडलेले नव्हते.

वाचकांनी कोणत्याही लाकडी वस्तूपाशी खालील पाच गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो :

१. वस्तू उलटी करावी, किंवा वाकून तिच्या खाली पाहावे. जेथे डोळा जात नाही तेथे सुताराने किती मन घातले ते पाहावे.

२. डोळे मिटून कडांवरून बोट फिरवावे. कडा हाताला लागू नये, पण ती बोथटही होऊ नये.

३. खण पुरता बाहेर काढून सांधा पाहावा आणि मग एका बोटाने आत ढकलावा. तो तिरपा न होता सरकला पाहिजे.

४. सपाट भागावर तिरप्या उजेडात पाहावे. लाटा, खड्डे आणि भुकटी भरून बुजविलेल्या भेगा तिरप्या उजेडात लपत नाहीत.

५. फळीवरील रेषा पाहाव्यात. पायाच्या लांबीला धरून रेषा गेल्या आहेत की मध्येच तिरप्या बाहेर पडल्या आहेत? जेथे रेषा बाहेर पडते तेथे तो पाय एखाद्या दिवशी मोडेल.

एका फळीची दोन पाने

आता एका लहान वस्तूचा अभ्यास करू. मुसलमानांच्या घरांत आणि मशिदीत कुराणशरीफ ठेवण्यासाठी लाकडी घडवंची असते, तिला रेहल म्हणतात. उघडली की तिचा आकार फुलीसारखा होतो आणि वरच्या दोन पानांवर ग्रंथ उघडा राहतो. मिटली की ती नुसती एक फळी होते. पोथी वाचणारे कित्येक हिंदू सद्गृहस्थही तिचा उपयोग करताना आम्ही पाहिले आहेत.

पाहणाऱ्याला वाटते की दोन फळ्या बिजागरीने जोडल्या आहेत. परंतु चांगल्या रेहलीत बिजागरी नसते, खिळा नसतो, सरसही नसतो. ती सबंध एकाच फळीची असते. कारागीर एक जाड फळी घेतो. जेथे सांधा यावयाचा तेथे आडव्या ओळीत सारख्या मापाची बोटे आखतो. मग एका बाजूने एक बोट, दुसऱ्या बाजूने त्याच्या शेजारचे, अशा क्रमाने पटाशीने खोदत अर्ध्या जाडीपर्यंत जातो आणि बोटांना आतून गोलाई देतो. हे झाल्यावर फळीच्या दोन्ही टोकांकडून करवतीने तिची जाडी चिरीत सांध्यापर्यंत आणतो. शेवटचा धागा सुटला की फळी दोन पानांत उघडते. बोटे एकमेकांत गुंतलेली असतात म्हणून पाने सुटी मात्र होत नाहीत.

ह्या कामात दुरुस्तीला वाव नाही. एक बोट चुकून तुटले की सगळी फळी जळणात जाते. खरी रेहल ओळखण्याची खूणही तीतच आहे : ती मिटून कडेने पाहावी. दोन्ही पाने एकाच लाकडातून चिरलेली असल्यामुळे एका पानावरील रेषा दुसऱ्या पानावर जुळून पुढे जाते. जोडलेल्या रेहलीत ती जुळत नाही.

आम्ही ही वस्तू मुद्दाम निवडली. तीवर नक्षी असो वा नसो, तिचे सौंदर्य तिच्या रचनेत आहे, आणि ते समजावून घेतल्यावाचून दिसत नाही. एरवी ती बाजारात पडलेली एक स्वस्त घडवंची आहे.

संखेड्याची लाख

बडोद्याच्या पूर्वेस, डभोईच्या पलीकडे, ओरसंग नदीच्या काठी संखेडे हे गाव आहे. २०१३ साली छोटाउदेपूर हा नवा जिल्हा झाला तेव्हा ते त्यात गेले. तोपर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होते. संखेड्याचा झोपाळा किंवा खुर्ची ज्याने पाहिली नाही असा बडोदेकर विरळा. गडद तांबड्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी, आणि सर्व दांडे व पाये कातीव, म्हणजे चरकावर फिरवून गोल केलेले. हे काम तेथील खरादी-सुतार घराण्यांनी पिढ्यान् पिढ्या चालविले आहे, आणि संखेड्याच्या ह्या सामानाला भौगोलिक चिन्हांकनाची सरकारी नोंद मिळालेली आहे.

त्या सोनेरी वेलबुट्टीत सोने नसते. कथील कुटून, सरसात खलून त्याची शाई करतात आणि बारीक कुंचल्याने दांड्यावर नक्षी काढतात. वाळल्यावर ती अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतात, तेव्हा ती चांदीसारखी चमकते. मग दांडा पुन्हा चरकावर चढवितात आणि तो फिरत असताना त्यावर लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ थर बसतो; केवड्याच्या पानाने दाबून तो सारखा करतात. पिवळसर लाखेच्या आड गेले की चांदीसारखे कथील सोन्यासारखे दिसू लागते. पूर्वी चरक हाताने ओढीत असत, आता तो विजेवर फिरतो. पण कांडी किती दाबावयाची आणि पान केव्हा उचलावयाचे हे हातालाच ठाऊक असावे लागते. कमी दाबले तर थर खडबडीत राहतो, अधिक दाबले तर नक्षी खराब होते.

बाजारात तांबडा रंग आणि सोनेरी रोगण फासलेल्या नकला मिळतात. लांबून त्या तशाच दिसतात. जवळून पाहिले तर खऱ्या कामात नक्षी लाखेच्या खाली असते, नकलेत ती वर असते. नखाने हलकेच चाचपल्यास वरची नक्षी बोटाला लागते. खालची लागत नाही.

कारागिराला कारागिराची दाद

सुतार दुसऱ्या सुताराचे काम कसे पाहतो, हे पाहण्यासारखे असते. आम्ही हे अनेकदा पाहिले आहे. नव्या घरात मिस्त्री आला की तो प्रथम घरमालकाशी बोलतो, परंतु त्याचा हात मात्र दाराच्या चौकटीवर फिरत असतो. जुना पाट दिसला तर तो उचलून उलटा करतो. मेजाचा खण ओढतो, सांधा पाहतो आणि पुन्हा लोटून देतो. काम वाईट असेल तर बहुधा काही बोलत नाही. चांगले असेल तर विचारतो, "हे कोणी केले?"

ह्या तीन शब्दांहून मोठी शाबासकी आम्ही त्या धंद्यात ऐकली नाही. तीत मत्सर नसतो. त्याला ठाऊक असते की ह्या सांध्यापाशी किती वेळ गेला असेल, पटाशीला किती वेळा धार लावली असेल आणि कोठे सोपी वाट उपलब्ध असताना ती घेतली नाही. आपण सामान्य माणसे "छान आहे" म्हणतो, तेव्हा ते वस्तूविषयी असते. कारागीर "कोणी केले" म्हणतो, तेव्हा ते माणसाविषयी असते. पारख शिकावयाची ती ह्या दुसऱ्या वाक्यापर्यंत येण्यासाठी.

खुर्च्या गेल्या, नावे गेली

पारख नसली म्हणजे काय होते, ह्याचा मोठा दाखला चंदीगढचा आहे. १९५० नंतर ते शहर वसविले जात असता सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये आणि ग्रंथालये ह्यांसाठी हजारो खुर्च्या-मेजे लागली. ल कॉर्बुझिए ह्यांचे सहकारी पिएर जानरे ह्यांनी सागवान आणि वेत ह्यांच्या साध्या, मजबूत खुर्च्यांचे आराखडे तयार केले, आणि त्या परिसरातील सुतारांनी त्या हाताने घडविल्या. पुढे त्या जुन्या झाल्या. वेत तुटला, पॉलिश उडाले. कचेऱ्यांनी त्या गच्चीवर आणि अंगणात रचून ठेवल्या आणि मोडीच्या भावात लिलावाने विकून टाकल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना लाखो रुपयांच्या किंमती आल्या. तेव्हा कोठे इकडे जाग आली, आणि २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसावस्तूंची विक्री थांबविण्याबाबत हुकूम काढला.

ह्या गोष्टीतून लोक एवढाच बोध घेतात की जुने सामान टाकू नये, त्याचे पैसे येतात. आमच्या मते खरा बोध दुसरा आहे. लिलावाच्या यादीत आराखडा करणाऱ्याचे नाव असते. ज्यांनी कुसू पाडले, खाच खोदली, पाये रंधले, त्या सुतारांची नावे बहुतेक खुर्च्यांवर नाहीत आणि आता शोधूनही सापडावयाची नाहीत. त्यांच्या हातचे काम साठ वर्षे टिकले. त्यांचे नाव एक दिवसही टिकविण्याची कोणाला गरज वाटली नाही.

यंत्र, भाव आणि घासाघीस

येथे कोणी म्हणेल की मास्तर जुन्या काळाचे गोडवे गातात. तसे नाही. यंत्राने फळी सरळ कापली जाते, रंध्याचे कष्ट वाचतात आणि मध्यम स्थितीच्या कुटुंबाला परवडेल असे सामान मिळते. प्लायवूड हलत नाही, म्हणून रुंद पृष्ठभागासाठी ते कित्येकदा अखंड फळीपेक्षा चांगले ठरते. भुसा दाबून केलेल्या पाटाचे कपाटही कोरड्या जागी काही वर्षे काम देते. पाणी लागले की मात्र फुगते आणि मग त्याला दुरुस्ती नाही. ज्याला जे परवडते ते त्याने घ्यावे. आमचे म्हणणे एवढेच आहे की हाताच्या कामाची आणि ह्या सामानाची किंमत एकाच तराजूत तोलू नये.

पारख नसलेला गिऱ्हाईक घासाघीस करतो, तेव्हा तो कशाचे पैसे कमी करतो आहे हे त्याला कळत नाही. लाकडाचा भाव सुताराच्या हाती नसतो. कमी करण्यासारखा त्याच्यापाशी एकच पदार्थ असतो, आणि तो म्हणजे त्याचा वेळ. गिऱ्हाईक म्हणतो, "चार पैसे कमी करा", आणि सुतार मनाशी म्हणतो, "मग कुसूऐवजी खिळा." व्यवहार पुरा होतो, दोघेही संतुष्ट होतात, आणि त्या दिवसापासून त्या सुताराचा हात थोडा खाली येतो. दहा वर्षे असे चालले की त्याच्या मुलाला कुसू पाडता येत नाही. विद्या अशी जाते. तिला कोणी मारीत नाही. तिची मागणी करणारे उरत नाहीत.

शाळा आणि न्यास

आमच्या वर्गात बापाचा धंदा लिहावयाचा असतो तेव्हा सुताराचा मुलगा कित्येकदा "नोकरी" असे लिहितो. एकदा एका मुलाला आम्ही एकटे बोलावून कारण विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, सुतार लिहिले की मुले हसतात." त्याचा बाप शहरातील उत्तम कारागिरांपैकी एक आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या बापाला शाळेत बोलाविले आणि एक रेहल वर्गापुढे घडवावयास सांगितले. फळी दोन पानांत उघडली तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो आम्ही विसरलो नाही. मुलाने त्यानंतर धंद्याच्या रकान्यात काय लिहिले हे आम्ही पाहावयास गेलो नाही. पण सुटीत तो बापाच्या कारखान्यात जाऊ लागला, एवढे ठाऊक आहे.

हाताच्या कामाची लाज हा आपल्या शिक्षणाचा जुना रोग आहे. विश्वकर्म्याला देव मानणारे आपणच, आणि पैगंबर जकरिया हे सुतारकाम करीत असत असे सांगणारेही आपणच. परंतु शेजारच्या सुताराला मात्र आपण अरे-तुरे करतो. ह्या रोगावरील उपाय बडोद्याला नवे नाहीत. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन काढले, आणि त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः सुतार ज्ञातीतील होते. धंद्याचे शिक्षण मुलाला त्याच्या मातृभाषेतून मिळाले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. १९३७ साली डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना मांडली, तीतही हस्तव्यवसाय हाच शिक्षणाचा कणा धरला होता. ह्या दोन्ही विचारांचा सगळा लाभ आपण घेतला असे म्हणता येत नाही.

आपला न्यास विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतो, रुग्णांना मदत करतो, ह्याबद्दल समाज त्याचा ऋणी आहे. महोत्सवाच्या निमित्ताने आम्ही नम्रपणे चार सूचना करतो. पहिली, शिष्यवृत्तीच्या यादीत महाविद्यालयीन मुलांबरोबर एखाद्या उस्तादाच्या हाताखाली काम शिकणाऱ्या मुलालाही स्थान असावे. त्याला फी नसते, पण शिकण्याच्या काळात त्याला रोजी मिळत नाही. दुसरी, केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतारांना प्रशिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंतचे हत्यारांसाठी साहाय्य आणि सवलतीचे कर्ज ह्यांची तरतूद आहे. पुष्कळ कारागिरांना अर्ज भरणे जमत नाही. न्यासाच्या कचेरीत आठवड्यातून एक तास कोणी सुशिक्षित माणूस ह्यासाठी बसला तरी मोठे काम होईल. तिसरी, सभागृहासाठी सामान घेताना केवळ सर्वांत कमी दराकडे न पाहता समितीत एक जाणता सुतार घ्यावा आणि त्याचे मत लिहून ठेवावे. चौथी सूचना सर्वांत स्वस्त आहे : न्यासाच्या वास्तूत जे जे लाकडी सामान हाताने घडविले जाईल, त्याच्या खालच्या बाजूस घडविणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष कोरून ठेवावे.

हीच गोष्ट प्रत्येक घरीही करता येईल. पुढच्या वेळी मिस्त्री घरी पाट किंवा मेज घेऊन येईल, तेव्हा तो उलटा करून त्याच्यासमोर पाहावा, सांध्यावरून बोट फिरवावे, आणि काम मनास आले तर पेन्सिल त्याच्या हाती देऊन नाव लिहावयास सांगावे. तो प्रथम संकोच करील. तरी आग्रह धरावा. उद्या त्या घरात दुसरा सुतार येऊन "हे कोणी केले?" असे विचारील, तेव्हा त्याला उत्तर मिळाले पाहिजे.